मातीला दिलेली गाठ

मी जालन्यात माणसांचे तुकडे तपासते. माझ्या सासूबाईंना कुणी विचारलं, सून काय करते, तर त्या "रक्त-लघवी तपासते" एवढंच सांगतात, कारण खरं सांगितलं की समोरची बाई हातातला चहा खाली ठेवते. पॅथॉलॉजिस्ट हा असा डॉक्टर की ज्याला रोगी फारसे भेटत नाहीत. कुणाचं पित्ताशय, कुणाची गर्भपिशवी, कुणाच्या मानेतली गाठ, सगळं बरणीत बसून माझ्याकडे येतं. मी त्याचे पातळ काप करते, ते रंगवते, सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि त्याला नाव देते. नाव दिलं की माझं काम संपलं, असं कॉलेजात शिकवलं होतं.

आमच्याकडची पद्धत अशी आहे की तालुक्याचा सर्जन ऑपरेशन झाल्यावर काढलेला तुकडा नातेवाइकांच्याच हातात देतो आणि म्हणतो, जालन्याला नेऊन द्या. मग ते एसटीत बसून येतात. लोणच्याची बरणी, मधाची बाटली, स्टीलचा डबा, काय वाटेल त्यातून तुकडा आणतात. एका गृहस्थांनी सासूच्या छातीतली गाठ गोळेवाल्याकडच्या बर्फात घालून आणली होती, "ताजी राहावी म्हणून." ताजी राहून काय करायचंय, मला भाजी करायची आहे का? तुकडा फॉर्मॅलिन नावाच्या औषधी पाण्यात पूर्ण बुडवून आणायचा असतो, तरच पेशी आहेत तशा थांबतात, नाहीतर सडायला लागतात. हे मी या जिल्ह्यात इतक्या वेळा ओरडून सांगितलंय की माझी ख्यातीच झाली आहे. बाई खवट आहे, वेळ लावते, पण रिपोर्ट बराबर देते, असं लोक म्हणतात. मला त्यातलं काहीच लागत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वेळ मी लावतेच. संशय असेल तर आणखी काप घेते, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघते. नातेवाईक बाकावर बसून राहतात, डब्यातलं खातात, परत विचारतात. मी म्हणते, दिसेल तेवढंच सांगेन आणि दिसेल तेव्हाच सांगेन.

छातीतल्या गाठींचं तर विचारूच नका. शब्द कुणी उच्चारत नाही. बायका "इथं" म्हणून पदराकडे बोट करतात आणि सोबतचे नवरे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतात. पण त्या गाठी बहुतेक वेळा ओळखीच्या असतात. एक तर तरुण मुलींची साधी, निरुपद्रवी गाठ, नाहीतर आम्ही सगळे ज्याला घाबरतो तो नेहमीचा कॅन्सर. वर्षानुवर्षं हीच दोन उत्तरं. आणि मग मधेच एखादा दिवस असा येतो की काचेवर भलतंच काही दिसतं. एका प्रकारात डिंकासारख्या चिकट द्रवात पेशींची बेटं तरंगत असतात. एक गाठ रक्तवाहिन्यांपासून होते आणि बाहेरून नुसता मुका मार लागल्यासारखी निळसर दिसते. हे प्रकार क्वचितच भेटतात, म्हणून पुस्तकं उघडावी लागतात, मोठ्या शहरातल्या जाणत्या डॉक्टरांना काचा पाठवाव्या लागतात. खरं सांगायचं तर अशा दिवशी मला आतून थोडा आनंद व्हायचा. व्हायचा म्हणते, कारण आता होत नाही.

भोकरदनहून ती बाटली आली तेव्हा मी तोंडातल्या तोंडात सर्जनचं कौतुक केलं होतं. स्वच्छ छोटी बाटली, त्यात फॉर्मॅलिन, त्यात सुपारीएवढा तुकडा. सोबतच्या कागदावर बाईचं वय चाळिशीच्या आतलं आणि पुढे "साधी गाठ" असा अंदाज. दुसऱ्या दिवशी काच लावली आणि मला पानं दिसली.

फायलोड्स म्हणतात त्या गाठीला. नावाचा अर्थच पानासारखी. लांबट, गोल टोकांची पानं एकमेकांना खेटून, मधे बारीक फटी, आणि प्रत्येक पानाच्या कडेला पेशींची नाजूक किनार. दिसायला इतकी सुंदर की कुणी साडीच्या काठावर काढावी. पण ही बया तीन प्रकारची असते. पहिल्या खान्यातली निरुपद्रवी, काढली की गेली. तिसऱ्या खान्यातली घातक, ती परत उगवते आणि रक्तातून थेट फुप्फुसात जाते. आणि एक मधला खाना आहे, ना इकडचा ना तिकडचा. कोणत्या खान्यात टाकायची हे पानांच्या आतल्या पेशी किती दाट आहेत, किती वेगानं दुभागतायत आणि गाठीची कड आजूबाजूला कशी घुसली आहे यावर ठरतं. यातली गोम अशी की एकाच गाठीत एका कोपऱ्यात ती अगदी गरीब दिसते आणि बोटभर अंतरावर राक्षसीण. म्हणून अख्खी गाठ हातात असावी लागते, आणि तिच्या जागोजागचे काप घ्यावे लागतात.

माझ्या तुकड्यात पेशी दाट होत्या. काही दुभागत होत्या. साध्या गाठीत असाव्यात त्याहून जास्त. आणि कड कुठेच नव्हती, तुकडा मधूनच कुठून तरी कापलेला.

मी सर्जनला फोन लावला. गाठ केवढी होती?

"चांगली मोसंबीएवढी होती मॅडम."

"मग बाकीची कुठंय?"

"नातेवाइकांनी मागून घेतली. पुरायची म्हणाले. तुमच्यापुरता तुकडा ठेवला ना मी."

तुमच्यापुरता! जसं काही प्रसादाचा शिरा वाटत होते. त्यांना मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते वाईट डॉक्टर नव्हते. त्यांना ती साधीच गाठ वाटली होती आणि एका म्हाताऱ्या आईनं हात जोडले तेव्हा त्यांना नाही म्हणवलं नाही. मी फोन ठेवला आणि ती काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातली.

रिपोर्ट न्यायला त्या दोघीच आल्या, माय-लेकी. लेक भोकरदनला घरीच लेडीज टेलरिंग करायची. लग्न मोडल्यापासून ती आईजवळच होती आणि तिच्या मशीनवर ते घर चाललं होतं. उंच, हसरी, बोलताना समोरच्या बाईच्या खांद्यांकडे बघायची सवय. मला म्हणाली, "मॅडम, गाठ हाताला लागायच्या आधी मला शिलाईवरून कळलं. कुर्ता एकाच बाजूनं तंग व्हायला लागला. उसवून ढिला केला, परत तंग. मंग समजलं कपड्याचा कसूर न्हाई."

आई बारीक चणीची, पांढऱ्या ओढणीत, डोळे खाली. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणाले. मी विचारलं, गाठ कुठे पुरली?

"अंगनात. सीताफळाखाली," ती म्हणाली. "अंगातून निघालेलं फेकायचं नसतं बाई. त्याच्यावर मातीचा हक हाय. दवाखानेवाले कचऱ्यात टाकतात. माझ्या लेकीच्या अंगाचं मी कचऱ्यात कशी टाकू देऊ?"

माझी स्वतःची वार, जन्मताना नाळेसोबत पडलेली, माहेरी टेंभुर्णीला आमच्या गोठ्यामागे पुरली आहे. माझी आई अजूनही ती जागा दाखवते आणि तिथून कुणी चप्पल घालून गेलं तरी तिला चालत नाही. माझ्या पदव्या माझ्या वारेच्या नंतर आल्या.

पण मी डॉक्टर होते आणि समोर तिची लेक होती. मी दोघींना खाने समजावून सांगितले. गाठ कोणत्या खान्यातली आहे ते या एवढ्याशा तुकड्यावरून कळत नाही, ती पूर्ण निघाली की मुळं राहिली तेही कळत नाही, आणि हे दोन्ही कळलं नाही तर पुढे काय करायचं ते ठरत नाही. म्हटलं, उकरून आणा.

म्हातारी पहिल्यांदा वर बघून बोलली. "नक्को. मय्यतीसारखं धुवून, पांढऱ्या कपड्यात बांधून दिलंय मी. एकदा मातीला दिलेलं परत मागत न्हाईत."

"खाला, इथं मय्यत कुणाचं झालेलं नाही," माझा आवाज चढला. "झालेलं नाही आणि होऊ नये म्हणूनच मागतेय ना मी!"

मग लेक शांतपणे म्हणाली, "अम्मी, अंग कुणाचं?"

आई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"मंग मी सांगते. काढायचं."

त्यांच्यावर सोपवलं असतं तर त्यांनी ती पुन्हा लोणच्याच्या बरणीत आणली असती, म्हणून मीच जायचं ठरवलं. रविवारी सासूबाईंना राजूरला गणपतीच्या दर्शनाला न्यायचंच होतं. त्यांना रांगेत त्यांच्या मैत्रिणीच्या हवाली केलं आणि गाडी भोकरदनकडे काढली. मागच्या सीटवर फॉर्मॅलिनची मोठी बरणी डुचमळत होती. दर्शनाच्या दिवशी मी काय करायला चालले आहे हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

अंगण लहानसं, शेणानं सारवलेलं नाही, फरशी घातलेलं, एका कोपऱ्यात तेवढी माती मोकळी आणि तिथे सीताफळ. आतल्या खोलीत मशीनवर लाल कापड अर्धवट शिवलेलं होतं. लेक खुरपं घेऊन पुढे झाली तर आईनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. खाली बसली, तोंडानं काहीतरी पुटपुटली आणि हळूहळू माती बाजूला करू लागली. जसं एखाद्या झोपलेल्या पोरावरचं पांघरूण काढावं, तसं. मला घाई होती, ऊन होतं, तरी मी तिला लवकर करा म्हणाले नाही.

कपडा मातकट झाला होता. वासानं लेक मागे सरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. स्वतःच्याच अंगाचा तो वास होता हे तिच्या लक्षात आलेलं मला दिसलं, आणि माझ्या लक्षात आलेलं तिला दिसलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. म्हातारीनं मात्र नाक झाकलं नाही. तिनं गाठोडं दोन्ही हातांनी माझ्या बरणीत सोडलं, मग खड्डा बुजवला. खड्डा रिकामा होता, तरी तिनं त्यावर माती नीट थापली आणि तांब्यानं पाणी शिंपडलं.

पुढचे दिवस मी त्या गाठीत घालवले. मिळतील तेवढ्या जागांहून काप घेतले. काही हातातच विरघळले. जे टिकले ते मेणात बसवले, रंगवले, काचा लावल्या.

मातीत राहिलेल्या पेशी रंग धरत नाहीत. प्रत्येक पेशीच्या मधोमध एक निळा-जांभळा ठिपका असतो, तिचा जीवच म्हणा, त्यावरूनच आम्ही सगळं ओळखतो. तो ठिपका विरून जातो आणि मागे नुसती फिकट गुलाबी रूपरेषा उरते. आमच्या धंद्यात अशा पेशींना भुतंच म्हणतात. शिकताना आम्ही त्यावर हसायचो. त्या दिवशी मी काच सरकवत गेले आणि पानामागून पान येत राहिलं. मोठाली, रुंद, एकमेकांना खेटलेली, किनारीसकट. पण आत कुणीच नव्हतं. सगळं गाव जागच्या जागी आणि घराघरात माणूस नाही. मी मोजणार काय? एका कोपऱ्यात थोडासा रंग टिकला होता. तिथे गर्दी होती, दाटी होती, काहीतरी वाईट चाललं होतं असं वाटलं. पण वाटलं हे मी रिपोर्टात लिहीत नाही.

संभाजीनगरच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे काचा पाठवल्या. त्यांनीही तेच सांगितलं. गाठ फायलोड्स, कमीत कमी मधल्या खान्यातली, त्याहून वाईट नसेलच असं म्हणता येत नाही, कडेबद्दल काही सांगता येत नाही. मीही तेवढंच लिहिलं.

लेक आईला घेऊन रिपोर्ट घ्यायला आली तेव्हा रमजान तोंडावर आला होता. तिनं कागद वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली.

"म्हंजी कॅन्सर हाय का न्हाई?"

"मला सांगता येत नाही. पण परत ऑपरेशन करून आजूबाजूचा भाग काढून घ्यायला हवा. लवकर."

"ईद झाल्यावर चालंल का? शिवायला कपडे घेऊन ठेवलेत मॅडम, आख्ख्या मोहल्ल्याचे. लेकरं नव्या कपड्याविना राह्यली तर मला बद्दुवा देतील."

"थांबू नका असं मी म्हणतेय."

"थांबू नका म्हन्ता, पण हाय असं म्हनत न्हाईत."

"दिसल्याशिवाय मी म्हणत नाही."

ती हसली. "तुमच्याकडून जवाब काढायचा म्हंजी जुन्या मशीनमधून अडकलेला दोरा काढायचा. तुटंल, पण निघणार न्हाई." आईकडे वळून म्हणाली, "चल अम्मी, मॅडमनं न्हाई म्हटलं न्हाई, पण हाय बी म्हटलं न्हाई."

म्हातारी मात्र जाताना दारात थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी आणखी काही बोलेन याची ती वाट बघत असावी.

आमच्या लोकांना "सांगता येत नाही" हे "नाही"सारखं ऐकू येतं. किती वर्षं मी हे बघते आहे. "आहे" म्हटलं की माणसं त्याच दिवशी गाडी करतात, सोनं मोडतात, संभाजीनगर-मुंबई गाठतात. "सांगता येत नाही" म्हटलं की घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. मी सर्जनला फोन केला, त्यांनीही तिला समजावलं. रमजानमध्ये मी तिला स्वतः फोन केला. पलीकडे मशीन चालू होतं, ते तिनं बंद केलं नाही. "हौ मॅडम, ईदनंतर पक्का. बिलकुल पक्का." मशीनचा तो आवाज मला आजही कधीकधी ऐकू येतो, बहुतेक दुपारी, लॅबमध्ये कुणी नसताना. मी उठून बघते. शेजारच्या दुकानात झेरॉक्सचं यंत्र चालू असतं.

ईदनंतर ती आली तेव्हा गाठ परत आली होती. त्याच जागी, आणि पहिल्याहून मोठी.

संभाजीनगरला तिचा अख्खा स्तन काढला. तिथे तपासायची सोय होती, पण तिनं हट्ट धरला की जालन्याच्या मॅडमकडेच द्यायचं. आई भाड्याच्या गाडीतून घेऊन आली. मांडीवर झाकणाची बादली, काठोकाठ फॉर्मॅलिन, सगळं नियमानं. इतक्या वर्षांत माझ्याकडे इतकं व्यवस्थित आलेलं पार्सल मी बघितलं नव्हतं. तिनं बादली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या. कापा, जाळा, काय करायचं ते करा. आता माझं काही म्हननं न्हाई."

तिनं भांडायला हवं होतं. मला तिचं ते "नक्को" हवं होतं.

या वेळी शंकेला जागा नव्हती. पानं जवळजवळ संपली होती, पेशींनी ती आतून खाऊन टाकली होती. रंग गडद, सगळं स्वच्छ, मोजता येईल असं. तिसरा खाना. कडा मोकळ्या होत्या, म्हणजे तिथलं तरी सगळं निघालं होतं. दोघींना समोर बसवून मी सांगितलं. लेकीनं मान हलवली आणि म्हणाली, "चला. एकदाचं नाव तरी मिळालं तिला."

त्या निघाल्या तेव्हा मी म्हातारीला थांबवलं. काप घेऊन उरलेला भाग आम्ही काही दिवस ठेवतो आणि मग जाळायला पाठवतो. मी म्हटलं, "खाला, उरलेलं मी बांधून देते. घेऊन जा, पुरा."

ती लेकीकडे वळली. "नक्को," म्हणाली, आणि लेकीचा हात धरून जिना उतरली. जे मला आधी हवं होतं ते भलत्याच वेळी मिळालं.

त्यानंतर काही महिने बरे गेले. ती परत मशीनवर बसली. एकदा तपासणीला जालन्याला आली तर माझ्यासाठी ब्लाउज शिवून घेऊन आली. माप कधी घेतलंस, विचारलं, तर म्हणे, "मॅडम, तुमी काचेतून बघता, मी नुसती बघते." ब्लाउज असा बसला की कुठे सुरकुती नाही. मी तो एकदाच घातला. मग तिला खोकला सुरू झाला, आणि फुप्फुसाच्या फोटोत ठिपके दिसले. पुढची ईद तिनं बघितली नाही.

आता सांगायचं ते हे की मला पानं दिसतात. पानाच्या टपरीवर ओल्या फडक्यात रचलेली, मेंदीच्या नक्षीतली, सासूबाईंच्या देवघरात बेलाची. डोळा आपोआप कडेवर जातो आणि मोजायला लागतो. बाजारात सीताफळांचे ढीग लागले की मी रस्ता ओलांडते. नवरा म्हणतो, इतक्या जणांचं तू बघतेस, हिचंच काय एवढं? बाकीच्यांचं मी बघितलं आहे. हिचं जे बघायचं होतं ते मला बघायलाच मिळालं नाही, म्हणून ते सारखं दिसतं.

ती पहिली काच मी अजून काढून बघते. सुपारीएवढ्या तुकड्याची. त्या दिवशी अख्खी गाठ आली असती तर कदाचित मला तिसरा खाना पहिल्याच आठवड्यात दिसला असता. मी "आहे" म्हटलं असतं, आणि "आहे" म्हटल्यावर ती ईदसाठी थांबली नसती. मग ती वाचली असती का? ही गाठ कधी कधी इतकी आधी फुप्फुसात पोचलेली असते की वेळेवर केलेल्या ऑपरेशननंही फरक पडत नाही. कधी पडतो. पुस्तकात दोन्ही लिहिलंय, आणि जाणत्या डॉक्टरांना विचारलं तर तेही दोन्ही सांगतात. या प्रश्नाचा माझा रिपोर्ट मधल्या खान्यातच जातो. मी कितीही काचा सरकवल्या तरी तो तिथून हलत नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी म्हातारी एकटीच लॅबवर आली. दुपारची वेळ होती, बाकावर दोघे-तिघे रक्त द्यायला बसले होते. ती त्यांच्या शेवटी जाऊन बसली, नंबर लावून बसल्यासारखी. मी तिला आत बोलावलं. अर्धी झाली होती. मला वाटलं काही कागद हवे असतील, किंवा लेकीच्या गाठीचे काप बसवलेल्या त्या मेणाच्या वड्या मागायला आली असेल. मी द्यायला तयार होते. नियम काय असायचा तो असो.

तिला काहीच नको होतं. पाणी दिलं तेही तिनं हातात धरून ठेवलं.

"डॉक्टरीनबाई, एक गोष्ट पुसायची हाय. मोहल्ल्यात कुनाला पुसू? सगळे म्हन्तात, अल्लाची मर्जी. तुमी आतलं बघितलंय, तुमाला म्हाईत असंल. मी ती गाठ मातीला दिली न्हसती, तर माझी पोरगी राह्यली असती का?"

"नाही, खाला," मी म्हटलं. "काही फरक पडला नसता."

तिनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. ओढणी डोक्यावर सारखी केली, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"माझ्या पोरीला तुमी कधीच इतक्या जल्दी जवाब दिला न्हवता," ती म्हणाली.